बांधापलीकडची फवारणी

६ मार्च, गुरुवार
हरभरा उपटून झाला. पहाटे दव असतानाच उपटायचा, नाहीतर घाटे गळतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेनं बोटं फाटलीत, पेन धरवत नाही.
गहू पिवळा पडतोय. अजून आठ-दहा दिवस.

९ मार्च, रविवार
आमच्या बिनफवारणीच्या भाजीच्या बावीस पिशव्या केडगावच्या घरांत पोचल्या. मेथी, पालक, गाजर, वांगी, वर मूठभर ओला हरभरा, यंदाचा शेवटचा. टेम्पो हेच घेऊन गेले, मी मागं हरभरा झोडपायला.
सुलभाताईंचा फोन. दर रविवारी पिशवी घेतात त्या. मिस्टरांच्या केमोची तिसरी खेप झाली. म्हणाल्या, "बाहेरची पालेभाजी पूर्ण बंद केलीय. यांना फक्त तुमचीच देते." बरं वाटलं. थोडी भीतीही वाटली, कशाची ते कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार
दुपारी गव्हात होते. औषधाचा वास आला. भाऊसाहेब, आमचे चुलत दीर, बांधापलीकडं कांद्यावर फवारत होते. वारा सगळा आमच्याकडं. जाईपर्यंत मेथी-पालकावर पांढरे ठिपके.
"वहिनी, वारं फिरलं. मी काय करू?"
फुलकिडे पडलेत त्यांच्या कांद्यावर, पाती वाकड्या झाल्यात. ते मलाही दिसतंय. तरी मी बोलले जे बोलायचं ते. जास्तच बोलले.

१२ मार्च, बुधवार
बांधाकडचे चार वाफे उपटून खड्ड्यात. जनावरांनाही घातलं नाही. हे म्हणाले, "धुऊन दिली असती. कुणाला कळतंय." मी पुढचा वाफा उपटायला घेतला.
आमच्याकडं कामाला येणारी शकीला उपटता उपटता थांबली. रोजा आहे तिचा, तरी सकाळपासून वाकलेली. भाजीचे वाफे खरं तर तीच सांभाळते, मी नुसतं नाव लावते. म्हणाली, "ताई, शुक्रवारी सांजेला बी त्येंचा पंप चालू हुता. तुमी खळ्यावर हुता. मला वाटलं, पाण्यातलं खत सोडत्यात. वास न्हाई आला."
शुक्रवारी सांजेला. आणि आम्ही भाजी काढली शनिवारी.
म्हणजे रविवारच्या पिशव्यांत

१३ मार्च, गुरुवार, होळी
भाऊसाहेबांकडं गेले. जाऊबाई पुरण वाटत होत्या, बसा म्हणाल्या. बसले नाही.
विचारलं, शुक्रवारी फवारलं होतं का?
"न्हाई."
मग जाऊबाईंकडं बघितलं त्यांनी. त्या खाली मान घालून वाटतच होत्या.
"कडंच्या चार सऱ्या मारल्या हुत्या. लई न्हाई. अन् वहिनी, तुमच्या पिशव्यांपायी माझा कांदा जाऊ द्यू का?"
निघताना जाऊबाईंनी पोळ्या बांधून दिल्या. घेतल्या.

१४ मार्च, शुक्रवार
पिशव्या घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाजी निरोप टाकायचं ठरवलं. हे जेवता जेवता म्हणाले, "मागचं कशाला उकरतीस? आजारी पडलंय का कुणी? मंगळवारचं सांग अन् गप बस." पाच वर्षं लागली ही घरं जोडायला, तेही खरंच. मी ताट तसंच ठेवून उठले.
निरोप तीनदा बोलले. पहिल्यांदा रडायला आलं, दुसऱ्यांदा भाऊसाहेबांवर फार ढकललं. तिसऱ्यांदा एवढंच: ९ तारखेच्या मेथी-पालकावर शेजारची फवारणी उडालेली असू शकते. आम्हाला बुधवारी कळलं. उरली असेल तर टाकून द्या. या रविवारी पालेभाजी नाही.
पाठवून मोबाईल पालथा ठेवला.

१५ मार्च, शनिवार
कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलंय. कुणी, "सांगितलंत हे बरं केलंत." एकीनं विचारलं, "म्हणजे आत्तापर्यंत असं किती वेळा झालं?" खरं तेच लिहिलं, मला माहीत नाही. त्यानंतर आठ घरांनी पुढचे आठवडे थांबवले.
सुलभाताईंनी ऐकलंय, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही.

१६ मार्च, रविवार
चौदा पिशव्या. गाजर, वांगी, नवा झोडपलेला हरभरा. आज मीही गेले टेम्पोत. आमच्या काष्टीपासून केडगावपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते.
सुलभाताईंनी थांबवलेलं नव्हतं, म्हणून त्यांची पिशवी घेऊन गेले. फाटकापर्यंत आल्या. आत या म्हणाल्या नाहीत.
"त्या आठवड्यात यांना दोनदा पालकाचं सूप दिलं मी. परवापासून ताप आहे. डॉक्टर म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. केमोत येतो."
मी पिशवी पुढं केली.
"तुम्ही सांगितलंच नसतं, तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही."
पिशवी परत माझ्याच हातात. येताना यांनी केडगाव सोडल्यावर टेम्पो कडेला घेतला, पाणी दिलं. म्हणाले, "उद्या बांधानं चर मारतो. शेवरीची झाडं लावू, आडोशाला."

१९ मार्च, बुधवार
गहू कापायला सुरुवात. मजूर दोनच मिळाले. शेवरीचं बी टोकलं, दोन ओळी. आडोसा व्हायला पुढची दिवाळी उजाडेल. तोवर बांधाकडं पालेभाजी लावायची नाही, वांगी आणि भोपळा लावायचा. शकीला म्हणते, विहिरीकडं कोवळा पालक आहेच, मेथीही तिकडंच न्यायची. जागा निम्मीच आहे तिथं.

२३ मार्च, रविवार
एक घर कमी, तेराच. नवा गहू घातला. गाजर संपत आलं. सुलभाताईंना फोन केला नाही. काय म्हणून करणार.

२६ मार्च, बुधवार
भाऊसाहेब बांधावर येऊन उभे राहिले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.
"शुक्रवारी फवारा मारनार हाय. सकाळी सहाला, वारं पडलेलं असतंय तवा. ह्यो शेवटचा, मग कांदा काढनीलाच."
बरं म्हटलं. जाता जाता शेवरीच्या ओळीकडं बघून म्हणाले, "पानी माझ्याकडनं बी सोडत जा हिला."

२८ मार्च, शुक्रवार
पाच वाजता उठून विहिरीकडच्या पालकावर जुन्या साड्या अंथरल्या. माझ्या, शकीलाच्या, आणि जाऊबाईंनी आणून दिलेल्या दोन. कडेला दगड. सहा ते साडेसात फवारणी. वारा नव्हता. शेवटी शेवटी थोडा सुटला, साड्यांची टोकं हलली. भाऊसाहेबांनी लगेच पंप बंद केला, दोन सऱ्या तशाच सोडल्या.
पालकाचं पान उलटंपालटं करून बघितलं. काही दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं आता म्हणवत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा
गुढी उभारून निघालो. पंधरा पिशव्या. दोन घरं परत आली. पालक वेगळा बांधला, शुक्रवारचं सगळं गटावर सांगितलंय, हवा त्यानं घ्यावा.
दहाच्या सुमाराला सुलभाताईंचा फोन. ताप उतरलाय, चौथी खेप गुरुवारी.
"पालक आहे का?"
"आहे. पण परवा पलीकडं फवारलंय. झाकला होता."
"मग चांगला आहे ना?"
"मला वाटतं चांगला आहे. छातीठोक नाही सांगता येत."
मागं त्यांच्या मिस्टरांचा आवाज, कोण आहे विचारत होते.
"एक जुडी ठेवून जा," म्हणाल्या. "द्यायची की नाही, बघते मी."
जुडी फाटकाला अडकवली. बेल वाजवली नाही.