तक्त्यात न धरलेला तांदूळ

अण्णा,

तुम्ही गेल्यावर माझ्या हातांनी काय काय झालं ते आधी सांगतो. ओटीवरचं ड्रॉइंगचं टेबल, फणसाच्या लाकडाचं, पावणेचार फूट लांब, फळीला मागून अडीच इंच उंची. मागल्या दारची मोरी, फुटाला पाव इंच उतार, पाणी अजून एकदाही तुंबलेलं नाही. विहिरीवरच्या पंपाला पत्र्याची छत्री. १९९८ साली आणलेला जुना कॉम्प्युटर, जो मी दोनदा पूर्ण सुटा करून परत जोडला, कारण आपली खारी हवा त्याला मानवेना. त्यावर इमारतींचे नकाशे काढायला मी कुठल्याही क्लासला न जाता शिकलो. पुण्याचे एक आर्किटेक्ट कच्चं रेखाटन पाठवतात, मी पक्का नकाशा करून फोनच्या तारेवरून परत पाठवतो. माणूस रत्नागिरीत आणि त्याचं काम पुण्यात, हे तुम्हाला पटायला दोन दिवस लागले असते. आणि शेवटची वस्तू म्हणजे एक तक्ता. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

गेल्या वर्षी त्या आर्किटेक्टांचा फोन आला. "तुम्ही इकडेच या. समोर बसून काम होतं तसं फोनवर होत नाही." नोकरी पक्की, पगार महिन्याच्या महिन्याला. नाही म्हटलं तर काम देत राहतील की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इथे महिन्याला सरासरी साडेनऊ हजार सुटत होते, तेही त्यांच्याच भरवशावर. मुलगी आठवीत. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि तक्ता आखला. उभे रकाने चार: डोंबिवली, पुणे, बंगळूर, रत्नागिरी. पुण्याला जायचंच तर बाकीची शहरं का सोडा, म्हणून तीही घेतली. आडव्या ओळी एकतीस. भाडं, दूध, वीज, बस, शाळा, मासे, आणि कामावर जायला-यायला लागणारी मिनिटं. मिनिटांचीही ओळ हवी, हे मला मुंबईच्या छापखान्यात जाण्या-येण्यात गेलेल्या तुमच्या तासांवरून सुचलं.

माहिती आपल्याच माणसांकडून घेतली. डोंबिवलीला चुलतभाऊ, पुण्याला मेव्हणा, बंगळूरला भाचा. भाऊ फोनवर वैतागला. "दूध म्हणजे दूध रे. पिशवीतलं की म्हशीचं, हे काय विचारतोस? म्हैस विकत घेतोयस का?" मी म्हटलं, दर वेगळा आहे. "मग लिही पिशवीतलं, आणि ठेव फोन, बिल तुझं चढतंय." मेव्हण्याने मात्र घरमालकाच्या अनामत रकमेसकट सगळं सांगितलं. तक्ता पुरा झाला. पुण्याचा खर्च बारा हजार नऊशे, आपला इथला सहा हजार शंभर. इथल्या रकान्यात मी लबाडी केली नव्हती हो. पावसाआधी कौलं परतायची मजुरी, फोन मेला की सीडी एसटीच्या पार्सलने पाठवायचा खर्च, सगळं धरलं होतं. तरी शिल्लक पुण्यालाच जास्त पडत होती.

तुमची सून तांदूळ निवडत बसली होती. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, पुण्याच्या रकान्यात तांदूळ कुठाय?"

नव्हता. डोंबिवलीच्या नाही, बंगळूरच्याही नाही. कोकम नाही, कुळथाचं पीठ नाही, नारळ नाही. मी मेव्हण्याला परत फोन लावला. तो हसायलाच लागला. "भावजी, तांदूळ कोण विकत घेतो? गावाहून येतो की! तुमच्याकडच्याच दोन गोणी गणपतीत मी गाडीत टाकून आणल्या, विसरलात?"

विसरलो नव्हतो. गोण्या मीच शिवून दिल्या होत्या. पण खर्च म्हणून त्या कधी डोळ्यांपुढे आल्या नाहीत. एकतीस ओळी आखणाऱ्याने ही चूक केली. ती म्हणाली, "त्यांना आपण पाठवतो. आपण गेलो तर आपल्याला कोण पाठवणार?"

मग मला तुमची सुट्टी संपतानाचं स्वयंपाकघर आठवलं. शिमगा सरलाय, पालखी आपल्या अंगणातून पुढे गेलीय, दुसऱ्या दिवशी तुमची मुंबईची गाडी. आई कणगीतून तांदूळ मोजून काढतेय, आधी तुमचा, मग उरेल तो आमचा. तुम्ही उंबऱ्यात बसून सांगताय, "मुंबईत खाण्याचा खर्च असा नाहीच. माणूस शिस्तीत राहिला की पैसा उरतो." त्याच दिवशी मी म्हटलं होतं की मला छापखान्यात चिकटवू नका, मी इथेच काहीतरी करीन. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "इथे काय करणार? माडावरचे नारळ मोजणार?" आई मापटं भरत राहिली. श्रावणात आमच्या ताटात नाचणीच्या भाकरीच असायच्या, आणि आई म्हणायची की तिला भातापेक्षा त्याच आवडतात. तुमची शिस्त खरी होती अण्णा, पण तिच्यात आईचा भात होता. दोष देत नाही. तुम्हाला तो आकडा कुणी दाखवला नाही, आणि मलाही पन्नाशी जवळ आल्यावर बायकोने दाखवला.

तांदूळ, कोकम, नारळ, कडधान्य बाजारभावाने धरलं. महिन्याला चौदाशे. पुण्याचा खर्च चौदा हजार तीनशे झाला. तिने पगाराचा आकडा विचारला, मी सांगितला. अठरा हजार. वजाबाकी तिनेच केली: तिकडे शिल्लक सदतीसशे, इथे चौतीसशे. "तीनशे रुपयांसाठी घराला कुलूप लावायचं?" ती उठून भाताला आधण ठेवायला गेली.

मी नकार कळवला. आर्किटेक्ट चार दिवस बोलले नाहीत, पाचव्या दिवशी एका शाळेच्या जिन्याचं रेखाटन आलं, खाली लिहिलेलं, "सोमवारी सकाळी हवं." रविवारी दुपारीच पाठवलं. आता मुंबईचंही एक ऑफिस काम देतं. तक्त्याच्या झेरॉक्स आळीत फिरतात. आता बत्तीस ओळी आहेत. पलीकडच्या घरातला एकजण तो घेऊन आला तेव्हा त्याला मीच सांगितलं, तुझं गणित बंगळूरचं आहे, जा. तो गेला, सुखात आहे. संध्याकाळी साडेपाचला मी कॉम्प्युटर बंद करतो आणि मुलीबरोबर मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जातो. त्या वयात मी तुमच्याबरोबर किती संध्याकाळी चाललो, हे मोजायला तक्ता लागत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. माझ्या नकाशात मी अर्ध्या इंचाची चूक ठेवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मला इथेच राहायचं होतं, आणि तेवढं म्हणायची हिंमत झाली नाही. पुण्याची नोकरी, वर्षाला एक पगार बोनस, महिना बावीस हजार रुपये. तिला मी अठरा सांगितले.