तिसरं पातं

आप्पा, आज भाऊचा फोन आला होता. वाळूजला आपल्या वर्कशॉपची नवी शेड उभी राहिली आहे, पूजेला ये म्हणाला. मी कामाचं निमित्त सांगून टाळलं आणि फोन ठेवल्यापासून तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझं भांडण काही संपत नाही.

जुन्या शेडमध्ये तुम्ही जन्मभर मोटारींचे स्टार्टर बनवलेत. पवनचक्कीच्या पॅनेलचं काम मिळालं तेव्हा हातात नवी पदवी घेऊन मी घरात बसले होते. पात्याने वारा अंगावर घ्यायचा की त्याला नुसती कड दाखवायची, हे ठरवणारी दाराची पेटी म्हणजे ते पॅनेल. तीन पात्यांना तीन पॅनेलं मी ठेवली, प्रत्येकाची बॅटरी वेगळी, म्हणजे वादळात वीज गेली तरी प्रत्येक पातं स्वतःच्या बळावर वळेल आणि चक्की थांबेल. हे सगळं गारखेड्याच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालं. आई भाकरी थापतेय, पीठ माझ्या ड्रॉइंगवर उडतंय आणि तुम्ही चहाचा कप हातात धरून विचारताय, "लाईट गेल्यावं पातं आपल्या आपून वळतंय? व्हय?" त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पॅनेलं पाठवायच्या दिवसाबद्दल. माल बाहेर पडताना नारळ फोडायचा ही आपल्या शेडची रीत होती, आणि मला तिचं वावडं नव्हतं. पण तिसरं पॅनेल टेबलावर उताणं होतं, दार उघडं, आणि तुम्ही छावणीच्या बाजारातून आणलेला नारळ थेट त्याच्या चौकटीवर आपटलात. पाणी आत गेलेलं मी पाहिलं. मी म्हणाले, आप्पा, हे खोलून पुसू द्या, हे पॅनेल पात्यांबरोबर गोल फिरणार, आत गेलेलं पाणी एका जागी राहायचं नाही. ट्रक दारात उभा होता. तुम्ही दार लावलंत, वरून कुंकू लावलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चार थेंबांनी काय व्हतंय? लई शिकली म्हून आता देवाला बी शिकवती का?" शेडमधली पोरं हसली. भाऊही हसला.

पुढच्या पावसाळ्यात डोंगरावर वीज गेली. दोन पाती वळली, तिसरं वळलं नाही. त्या दोन पात्यांनीच चक्की थांबवली, कुणाला खरचटलंही नाही. म्हणजे माझ्या डिझाईननं आपलं काम चोख केलं होतं, पण हे म्हणायला तिथे कुणाला वेळ होता! पॅनेल परत आलं. पवनचक्कीच्या कंपनीचे साहेब शेडमध्ये पोचायच्या आधी आपण दोघांनीच ते उघडलं. बॅटरीच्या तारा जिथे जोडल्या होत्या तिथे हिरवट थर साचला होता. मी बोट लावलं तर ते चिकटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, खांद्यावरचा पंचा काढलात आणि सगळं स्वच्छ पुसून टाकलंत. मग साहेब आले, आणि तुम्ही म्हणालात, "पोरीचं डिझाईन हाय सायेब, कच्चं ऱ्हायलं आसंल. आता हितून फुडं पोरगा बगंल."

देवाला बोल लागू नये म्हणून म्हणालात की स्वतःला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. घरी येऊन मी विचारलं तेव्हा तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. "तू हुशार हायेस, तुला कुठं बी काम भेटंल. त्याला कोन उभं करील?" जन्मात एकदा मला हुशार म्हणालात, तेही घालवून देताना. आई भाकरी वाढत राहिली. तिचाही मला राग आहे.

काम मिळालं. शेंद्र्याच्या कंपनीत मी अजूनही पातीच वळवते, आणि आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. पण या शहरातल्या प्रत्येक मुलाखतीत मला त्याच तिसऱ्या पात्याबद्दल विचारलं गेलं. बाप वर्कशॉप चालवतो आणि लेकीनं पॅनेल बिघडवलं, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ होती. मी कुठेच खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमची दुकानदारी बसली असती, हे तुम्हालाही ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर तुम्ही निवांत होतात.

तुमच्या शेवटच्या आजारपणात ऑफिस सुटलं की मी दवाखान्यात येऊन बसायचे. उशी नीट करायचे, पाणी पाजायचे, आणि वाट बघायचे. तुम्ही भाऊ जेवला का विचारायचात. माल गेला का विचारायचात. माझं काय चाललंय, हे एकदाही नाही.

हे लिहिलेलं भाऊला दाखवणार नाही. त्याला वाटेल, मी आता हिस्सा मागतेय. स्वतःला मी सांगते की तुम्ही एकदा कबूल करायला हवं होतं, म्हणजे माझं समाधान झालं असतं. ते खरं नाही. कबुली राहू द्या, त्या खाटेवरून तुम्ही नुसतं "परत ये" म्हणाला असतात, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं शटर उघडायला मी आले असते.