ड्रमवरचे चार थर

४ मार्च
दाजींशी भांडलो! ताईचा नवरा म्हणून ऐकून घेईन, मुकादम म्हणून नाही. मालकानं क्रेनला मोठी मोटर बसवली. केबल जुनीच. दाजी म्हणे, "केबल दीडशे अँपिअरची आहे, मोटर नव्वद खाते. तुझ्या पोटात का दुखतंय?"

दीडशे — मोकळी पसरलेली असली तर! ही क्रेनच्या ड्रमवर गुंडाळलेली, एकावर एक चार थर. आतली उष्णता जाणार कुठं? गेल्या महिन्यात तपासणीवाल्या बाईंनी नियमाचा तक्ता दाखवला होता. चार थर असले की शंभरातले पस्तीसच धरायचे. मी सातवी नापास वायरमन, म्हणून हिशोब दोनदा केला. बावन्न येतात. बावन्न!

५ मार्च
मोटर दिवसभर चालली. दाजींनी ड्रमवर तळहात ठेवला. "गार आहे बघ. मालकाला सांगतो, बिनधास्त चालवा."

सगळे असंच बघतात. वरच्या थराला वारा लागतो, तो गारच असणार! म्हटलं, "स्विच पाडून खालच्या थरात बोट घाला."

"तू मला शिकवणार? तुझं नाक पुसलंय मी."

ड्रमच्या बरोबर वर ढोल्याची केबिन. ढोल्या म्हणजे आमचा क्रेनवाला, शिडी उतरतानाही धापा टाकतो. वरून ओरडला, "काय रे, मला भाजून खायचा बेत आहे का तुमचा?" आणि हसत सुटला. मला नाही आलं हसू. आग लागली तर हा उतरणार कधी?

६ मार्च
क्रेनचा मेन स्विच पाडून त्याला माझं कुलूप घातलं. इथला नियम — ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. किल्ली खिशात. घ्या आता!

७ मार्च
मालक आला. "कुलूप काढ, नाहीतर घरचा रस्ता धर."

म्हटलं, "जाड केबल आणा, नाहीतर एकच थर बसेल असा मोठा ड्रम लावा. लगेच काढतो."

"उद्या सकाळच्या गाडीनं चालता हो." मग दाजींकडे वळून, "आणि तुम्ही ते कुलूप तोडा."

दाजी उभे. मान खाली, हात खिशात. मालकासमोर वाघाची शेळी.

ताईचा फोन. "किती मिनतवाऱ्या करून चिकटवलं त्यांनी तुला तिथं. त्यांना तरी तोंडघशी पाडू नकोस रे."

"ताई, त्यांनाच विचार. त्या केबिनमध्ये स्वतः बसतील का?"

तिनं फोन ठेवला, मी बॅग भरली. जातो! पण किल्ली देणार नाही.

८ मार्च
गाडी आली. मागच्या सीटवर दाजी, मांडीवर बॅग. हात आज खिशाबाहेर — दोन बोटांना पट्टी.

"तू म्हणालास त्याच संध्याकाळी खालच्या थरात घातली होती, तू गेल्यावर," म्हणाले.

"आणि कुलूप?"

"शेजारी माझंही घातलंय. सरक तिकडं."