चार टोल्यांची अक्कल

३ फेब्रुवारी

चाललं! शाळेचे चारही कम्प्युटर एकमेकांना जोडले आणि चाललं!

इथे गावात नेट नाही. फोन लावायचा तरी टेकडीवर जावं लागतं. पण प्रश्न टाइप केला की मराठीत उत्तर! या जुन्या डबड्यांपैकी एकातही एआयचं पूर्ण मॉडेल मावत नाही, म्हणून त्याचे चार तुकडे करून चौघांत वाटले. पहिला थोडा विचार करतो आणि दुसऱ्याकडे ढकलतो, दुसरा तिसऱ्याकडे. ऑफिसात फाईल फिरते ना, तसंच. चार सेकंदांना एक शब्द. मला पुरे.

ग्रामसभेचे अध्यक्ष डोमाभाऊ शाळेत बघायला आले. त्यांनी विचारायला लावलं, 'माहा बैल कुठी गेला?' मशीनने सहा मुद्दे दिले. पहिला – शांत राहा. चौथा – ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. डोमाभाऊ चौथ्यावरच अडकले. 'बैलाचं आधार तं नाई काढलं ना आपन!'

शिक्षण खात्याचे साहेब जानेवारीत म्हणाले होते, 'एप्रिलच्या तपासणीत हे चालवून दाखवा, चंद्रपूरची बदली तुमची.' माझी रिना पाच वर्षांची आहे. तिची आई तिला पंधरा दिवसांतून एक रविवार मिळते. मला घरी जायचंय. बाकी काही नको.

७ फेब्रुवारी

ग्रामसभा. विषय – कम्प्युटर. गावाचे चारही टोले, म्हणजे वस्त्या, हजर.

नदीटोल्याच्या सुकरीबाई उठल्या. 'पुरी अक्कल शाळाटोल्यातच काऊन? बकरा कापला तं चारही टोल्याले वाटा जाते. हे काऊन नाई?'

मी समजावलं की हे एका खोलीतच नीट चालतं. 'म्याडम, पुरी अक्कल इथी ठेवली तं उद्या हे आमाले इचारनबी नाई!' – खालच्या टोल्यातलं कुणीतरी. माना डोलल्या.

इथे बहुमत नसतं. सगळे हो म्हणेपर्यंत कोणी उठत नाही. सकाळी दहाला बसलो. सव्वाचारला 'नाही' म्हणणारी मी एकटी उरले. सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, नुसते बघत! पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, न्या!

ठराव एकमताने मंजूर.

१८ फेब्रुवारी

चार टोले, चार उंच बांबू, बांबूंवर वायरलेसचे चार डबे. पडदा तेवढा शाळेत. आता मिनिटाला एक शब्द – तोही वारा नसेल तर.

१९ फेब्रुवारी

दिवसभरात आलेलं उत्तर: 'नमस्कार. मी आपली काय'. मग वरच्या टोल्याची लाईट गेली.

२६ फेब्रुवारी

एक बंद तर चारही बंद, हे मी तक्रार म्हणून सांगितलं होतं. गावाला ते भलतंच आवडलं. 'म्हंजे आमच्याबिगर उत्तरच नाई!'

मग व्हायचं तेच झालं. खालच्या टोल्याचं वरच्याशी म्हशीवरून वाजलं. वरच्यांची म्हैस खालच्यांच्या भाजीच्या वाडीत घुसली, खालच्यांनी आपलं बटण बंद केलं. तीन दिवस मी दोन टोल्यांत निरोप वाहतेय. मी कम्प्युटर शिकवायला आले होते! आज म्हशीला नवं दावं मिळालं, मशीनला लाईट.

तर आता नदीटोला. सुकरीबाईंची कोंबडी कम्प्युटरच्या गरम कॅबिनेटवर अंडी घालून बसली आहे. आतली धूळ काढायची म्हटलं तर, 'एकवीस दिवस हात लावू नोको.'

'मशीन जळेल हो बाई!'

'तुही मशीन जळन म्हून माही कोंबडी उठवू का?'

माझ्या बदलीवर कोंबडी बसली आहे.

९ मार्च, रविवार

चंद्रपूर. दोन बस बदलून पोचले तर रिना दारामागे लपली. राजदीप म्हणाला, 'अगं, मम्मी आहे, पाहुणी नाही.' गमतीत म्हणाला. मला नाही गंमत वाटली. माझ्याच नवऱ्याला माझ्याच घरात फाडकन बोलले.

निघताना रिना म्हणाली, 'तुझ्या कम्प्युटरनं उत्तर दिलं की तू येशील ना?' हो म्हटलं. बसमध्ये फार रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

१९ मार्च

सात पिल्लं. मशीन शाबूत.

२७ मार्च

मोहाची फुलं पडायला लागली. पहाटेपासून चारही टोले रिकामे, बटण लावायलाही माणूस नाही. शेवटी मीपण टोपली घेऊन सुकरीबाईंबरोबर रानात गेले. वेचता वेचता रिनाचं सगळं सांगून टाकलं, तपासणीचंही.

'म्हंजे मशीन चाललं तं तू जाशीन?'

'हो.'

त्यांनी पाठ फिरवून पुढच्या झाडाखाली वेचायला घेतलं. वाटलं, रागावल्या. माझी टोपली निम्मी भरली होती. त्यांनी त्यांच्यातल्या दोन ओंजळी तीत टाकल्या.

८ एप्रिल

तपासणी झाली.

साहेब अकराला आले. शाळेत पाय ठेवायला जागा नाही. सुकरीबाई सगळ्यांत पुढे. साहेबांनी स्वतः प्रश्न टाइप केला – 'ही यंत्रणा गावात कायम चालवायला काय काय लागेल?'

'चार', डोमाभाऊंनी मोठ्याने वाचलं. मिनिट गेलं. 'संगणक.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा आला. 'अखंड.' 'वीज.' 'आणि'...

आणि काय? आणि चालवणारी म्याडम, दुसरं काय! साहेबांच्याही ते ध्यानात आलं. पेन उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, 'हं, आणि?' चाललं तर मशीनच सांगणार की म्याडमला इथून हलवू नका. बंद पडलं तर प्रात्यक्षिक फसलं, बदली गेली. रिनाला काय सांगू?

दहा मिनिटं झाली. पुढचा शब्द येईना. पुढे बघते तर सुकरीबाईंची जागा रिकामी! पळत नदीटोला गाठला. बाई बटणापाशी उभ्या.

'म्याच बंद केलं.'

'काऊन बाई?' माझ्याही तोंडून काऊनच निघालं.

'समोर येनारा शब्द मले समजला. मशीन म्हनन, म्याडम लागते. मंग तुले सोडन का कोनी? पोरगी हाय तुही.'

मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडून रडले. गेले दोन महिने या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले होते!

परत आले तर साहेब गाडीत बसत होते. लांब जायचं होतं; आलं तेवढं उत्तर त्यांना पुरे होतं. त्यांनी कागद दाखवला – 'प्रात्यक्षिक समाधानकारक. गरज: चार संगणक, अखंड वीज.' पुढचं 'आणि' त्यांनी नीट रेघ मारून खोडलं होतं.

२४ एप्रिल

आदेश आला! चंद्रपूर, दोन मेपासून! टेकडीवर धावत जाऊन फोन केला. रिना म्हणाली, 'उत्तर आलं?' म्हटलं, आलं, आलं, आलं!

२६ एप्रिल

उद्या निघायचं. ते अर्धं वाक्य डोक्यातून जाईना. नदीटोल्याचं बटण लावलं, सुकरीबाईंना घेऊन शाळेत आले आणि 'आणि'पासून मशीन पुढे सुरू केलं. मिनिटभराने शब्द आला.

'पंखा.'

पूर्णविरामासकट. बस, एक पंखा! म्याडम नाहीच.

सुकरीबाईंना वाचता येत नाही. 'काय म्हन्ते?' त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, 'तुम्ही म्हणालात तेच.'