शर्टावरची शिशाची धूळ

सासूबाई,
सा. न.

कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून मी घरी आलो की लेक शर्टाला बिलगायची. तिचं पोट सारखं दुखायचं, शिकलेले शब्द ती विसरायची. शर्टावरच्या धुळीवर बोट ठेवलंत ते तुम्हीच. मी ओरडलो, "माझ्या घरात मला शिकवू नका!" तरी तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत. रक्तात शिसं निघालं. तो कागद हातात देऊन, एकही टोमणा न मारता तुम्ही निघून गेलात.

आता मी कारखान्यातच अंघोळ करून, कपडे बदलून येतो. लेकीच्या रक्तातलं शिसं निम्म्यावर आलंय. तुमच्या हिमतीला तोड नाही. पण माफी पत्रातून मागणं मला पटेना. हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी लेकीला घेऊन स्वतःच येतो.

तुमचा तोंडाळ जावई