औषध चौघांना

प्रिय मैत्रिणी,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत बसले नाही.

महिन्यापूर्वी मला जांघेत खाज सुटली. वाटलं, नवा साबण बाधला. आपल्या दुकानात समोर गिऱ्हाईक आणि मी शिलाई मशीनवर चुळबुळतेय. तुलाच सांगितलं होतं. तू कापडावर खडूनं खुणा करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "उकाडा आहे, पावडर लाव." तुला तेव्हाच माहीत होतं.

शेवटी मणी ओवायचं भिंग घेऊन मी न्हाणीघरात बसले. केसांच्या मुळाशी भुरकट ठिपका दिसला आणि तो चालायला लागला, खेकड्यासारखा. केसांना घट्ट चिकटलेल्या लिखा, कातडीवर निळसर डाग. डॉक्टरीणबाईंनी लगेच ओळखलं. "जांघेतल्या उवा. अंगाला अंग लागून येतात. नवऱ्याला खाज आहे?" त्यालाही घेऊन गेले, तर तो म्हणाला, फिरतीवर लॉजच्या संडासातून आल्या असतील. बाई म्हणाल्या, गुळगुळीत भांड्यावर यांचे पाय टिकत नाहीत आणि अंगावरून सुटल्या की एक-दोन दिवसांत मरतात. घरी आल्यावर त्यानं तुझं नाव घेतलं. मी भांडले नाही. त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं आणि तुझी कात्री तुझ्या घरी पाठवून दिली.

आता नीट वाच, कारण पुन्हा लिहिणार नाही. डॉक्टरकडून औषध घे. सांगतील तेवढा वेळ ठेवून धुवायचं, लिखा बारीक फणीनं काढायच्या. नऊ-दहा दिवसांनी तपासून पुन्हा लावायचं, नाहीतर उरलेल्या लिखा फुटून सगळं पहिल्यापासून. चादरी, टॉवेल, आतले कपडे कडक गरम पाण्यात. धुता येत नाही ते पिशवीत बांधून दोन आठवडे ठेव. पापण्यांवर दिसल्या तर तिथे हे औषध नको, डॉक्टरला दाखव. या उवा निरोधनं अडत नाहीत. सगळे बरे होईपर्यंत कुणाच्या अंथरुणात जाऊ नकोस. जमेल तुला? आणि बाकीच्या लागणींसाठी रक्त तपासून घे. मी घेतलं. तुमच्या दोघांच्या मजेपायी नर्ससमोर हात पुढे करून बसले होते.

यातलं एकही वाक्य तुझ्या काळजीपोटी नाही. काल तुझा नवरा दुकानात आला. उभाच राहिला, त्याला बसवत नव्हतं. तुझ्या सांगण्यावरून त्यानं रॉकेल लावलंय आणि कातडी सोलवटलीय. खाली बघत म्हणाला, "ताई, तिची समजूत काढा. डेपोतल्या गाद्यांवर झोपतो, तिथून मीच ही घाण घरात आणली. पंधरा दिवस ती मला खोलीत घेत नाही." ज्या माणसानं काही केलं नाही, तो तुझी माफी मागतोय आणि तू ती मागू देतेयस. नवरा चोरलास ते एक वेळ पचवीन. हे नाही. मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे धाडलं, खरं काय ते सांगितलं नाही. ते तू सांगायचंस, रविवारपर्यंत. नाहीतर सोमवारी सकाळी त्याची बस सुटायच्या आत मी डेपोत उभी असेन.

कधीकाळी तुझीच,
आता फक्त त्याची ताई