माळावरची गाठ

सोमवार, २१ ऑक्टोबर
लागली एकदाची राखणदाराची नोकरी. सोलापूरच्या भवानी पेठेतून थेट दुधनीजवळच्या माळावर. कॉलेज सोडल्यापासून घरच्यांची बोलणी खात होतो, आता नुसता वारा ऐकायचा. तारेच्या कुंपणात गुडघाभर तांबूस गवत. साहेब म्हणाले, हे आता फक्त इथंच उरलंय. उन्हाळ्यात वरून वाळतं, पण मुळं मरत नाहीत. एक काडी मोडू द्यायची नाही. मी इथं टिकलो की सोनालीच्या वडिलांसमोर ताठ मानेनं उभा राहीन.

मंगळवार
जुने राखणदार ईरप्पाकाका आत शिरण्याआधी कडेच्या गवताला गाठ मारतात, बाहेर आले की सोडतात. मी हसलो. तर म्हणाले, माणूस परत येणार हाय हे माळाला कळाया पायजे, न्हायतर ठिवून घेतोय. पेठेतल्या पोरास्नी काय कळायचं म्हणा.

गुरुवार
सोनालीचा फोन. रविवारी तिला बघायला येतायत. म्हणाली, यायचं तर आधी ये, नंतर काय लग्नात वाढायला येणार? काकांकडे सुट्टी मागितली. म्हणाले, आत्ता तर आलास की, लगेच नवरदेव? डोकं फिरलं. ते आत गेल्यावर त्यांची गाठ सोडून टाकली. काडी मोडायची नाही, साहेबांचाच नियम.

शुक्रवार
काका परतले नाहीत. मेंढ्या घेऊन आलेल्या गोजरबाईनं विचारलं, म्हाताऱ्याची गाठ कुटं हाय? मी खरं सांगितलं. तिनं मेंढ्या लगेच मागं वळवल्या. जाता जाता म्हणाली, मल्लेशा, सोडणारा आत गेला तरच त्ये भाएर येतील. जाशील तर गाठ घट्ट मार.

शनिवार, सकाळ
मारली. आत आलोय. काका सापडले की दुपारच्या गाडीनं सोलापूर.

दुपार
कुंपण दिसत नाही. गवत गुडघ्याएवढंच, तरी नाही. मागं वळलं की कुसळं पोटरीत शिरतात. पुढं गेलं की नाही शिरत.

उन्हं कलली
काकांची चप्पल सापडली. उचलली तर निघेना — खालून मुळांनी धरलीय —

रविवार
कुंपण दिसलं. माझी गाठही. शेजारी काका उभे, बाहेर. दाढीभर कुसळं. हाका मारतोय. बघत नाहीत. नुसते गाठीकडं बघतायत.
पाय उचलत नाही — बुटातून काहीतरी वर —
काका वाकले. गाठीला हात —
काका, चुकलं माझं, सोडू नका, आज सोनालीला —